एकशेवीसच्या चाकरीत

कावेरीच्या मुखाकडच्या गावांत संगीताला शिस्त नाही, हे कुणीतरी स्पष्ट बोलायला हवं. तिरुवैयारूपासून तिरुवावडुदुरैपर्यंत पिढ्यानपिढ्या सनईसारखं नागस्वरम वाजतंय, तविलचा ढोल कडाडतोय. पण मिनिटाला किती ठोके, याची नोंद कोणी ठेवली नाही. विचारलं तर ‘कालप्रमाणम्’ म्हणतात. ते एकदा अंगात बसलं की झालं, असंही वर ऐकवतात. अंगात! म्हणजे जिथे वायर जोडता येत नाही, नेमकं तिथे.

सुदैवाने आता घरोघरी संगणक आहे. रेकॉर्डिंगचा प्रोग्रॅम उघडला की वरच्या पट्टीत बहुतेक वेळा १२० हा आकडा आधीच येऊन बसलेला असतो. तो कुणी ठरवला, असं विचारू नये. मिडी फाइलीत लय दिलेली नसेल तर एक ठोका ५,००,००० मायक्रोसेकंदांचा, म्हणजे मिनिटाला १२०, असा नियमच आहे. कवायतीच्या मैदानावर जलद चालीची पावलंही साधारण तेवढीच पडतात. यंत्र आणि फौज या दोघांचं एकमत झाल्यावर तिरुवैयारूच्या संतकवी त्यागराजांनी आडवं येण्यात काय अर्थ? तंजावरच्या सरफोजीराजे भोसल्यांचं दरबाराचं बोलावणं त्यांनी नाकारलं, अशी आख्यायिका आहे. भोसल्यांना नाही म्हणता येत होतं, कारण भोसले विचारत तरी होते. १२० विचारत नाही.

पौष वद्य पंचमीला तिरुवैयारूला त्यागराजांच्या समाधीपाशी शेकडो गायक-वादक जमतात आणि पंचरत्न कृती एका सुरात गातात. नाट, गौळ, आरभी, वराळी, श्री असे पाच राग, आणि पाचही कृती आदितालात. आठ मात्रांचा सरळ हिशेब. वाटतं, इथे तरी संगणकाला त्रास होणार नाही. पण ही मंडळी मांडीवर हाताने ताल धरतात! समोर ना काठी घेतलेला संचालक, ना कानात टिकटिक. साहजिकच गाणं रंगलं की लय थोडी चढते, एखादा चरण जिव्हाळ्याचा आला की किंचित रेंगाळते. असलं रेकॉर्डिंग प्रोग्रॅममध्ये टाकावं आणि लय चौकटीत बसवणारं ‘वार्प’चं बटण दाबावं. क्षणात शेकडो माणसांचा श्वास एका मापाचा होतो.

नागस्वरमवादक तिरुवावडुदुरै राजरत्नम पिळ्ळै (१८९८–१९५६) यांचा तोडी राग तर या उपचाराची वाटच पाहतोय. आलापनेला ताल नसतो, हे संगणकाला कुणी सांगितलेलं नाही, त्यामुळे त्याला तो सापडतो. दशांश चिन्हानंतर दोन आकड्यांपर्यंत सापडतो. मग तो आलाप १२०वर आणण्यासाठी ताणायचा किंवा आवळायचा. फ्लॅनगन आणि गोल्डन यांनी १९६६ साली बेल प्रयोगशाळेतून फेज व्होकोडरची रीत मांडली, तिने वेग आणि सूर यांची फारकत करता येते: वेग बदला, पट्टी हलत नाही. कर्नाटकी तोडीचा गंधार मात्र एका जागी उभा राहत नाही, तो झुलतो. आणि तो किती वेगाने झुलतो यातच त्याचा तोडीपणा असतो. आलाप ताणला की पट्टी तीच राहते, झुलणं तेवढं संथ होतं. पिळ्ळैंचा गंधार दुपारच्या जेवणानंतरचा वाटू लागतो. ज्यांना मूळ तोडी दमवणारा वाटत होता, त्यांची ही मोठीच सोय म्हणायची.

तविलवाले त्याहून हट्टी. उजव्या हाताच्या बोटांना कडक टोप्या, डाव्या हातात दांडकं, आणि एका मात्रेत कधी पाच अक्षरं, कधी सात, कधी नऊ. चौकटीत रेघा मात्र चारांच्या. सातांतली चार बसली की तीन उरतात. प्रोग्रॅम त्यांना जवळच्या रेघेवर लोटून देतो. नीडामंगलम मीनाक्षिसुंदरम पिळ्ळैंसारख्या तविलवादकांनी असल्या हिशेबांवर आयुष्य घातलं. ही चार रेघांची युक्ती त्यांना कुणी वेळेत सांगितली असती तर!

यातला काही दोष आपल्याकडेही जातो. एकोणिसाव्या शतकात मराठी कीर्तन तंजावरला रुजलं, कृष्ण भागवतरांनी त्यातून तमिळ हरिकथा घडवली, आणि साकी, दिंडी, ओवी, अभंग तिकडच्या कथेकऱ्यांच्या तोंडी बसले. सोबत आपली सवयही गेली: पद रंगात असताना चिपळ्या थांबवायच्या, निरूपणात शिरायचं, श्रोत्यांना हसवायचं आणि वाटेल तेव्हा त्याच ओळीवर परतायचं. या मधल्या वेळेत १२०ने किती मात्रा वाया जातात याचा विचार एकाही बुवांनी केलेला नाही.

एवढी सोय असूनही काही फितूर मंडळी आहेत. ती वार्प बंद करतात, रेकॉर्डिंग मात्रांऐवजी सेकंदांना बांधतात. मग वरच्या पट्टीत १२० लिहा की ७३, तुकडा जागचा हलत नाही. वाजवणाऱ्याने जसा वाजवला तसाच वाजतो. याला काही कौशल्य लागत नाही, एक खूण काढली की झालं. पण काहींचं तेवढ्यानेही भागत नाही. ते बसून प्रत्येक आवर्तनाच्या समेवर हाताने खूण करतात आणि संगणकाच्या रेघाच तविलच्या मागे वाकड्यातिकड्या ओढतात. लाखाच्या यंत्राने गावच्या तविलवाल्यापाठी टाळ धरायचा! याला सेवा म्हणायची की बंड, ते तंजावरच्या राजांनीच ठरवावं.

माझी सूचना साधी आहे. देव मिरवणुकीला निघतात तेव्हा नागस्वरमवर गंभीरनाट रागातली मल्लारी वाजते, संथ, मग दुप्पट, मग चौपट. पालखी मात्र थांबत, झुलत, कोपऱ्याकोपऱ्यावर वादन ऐकत चालते. सरफोजींनी तंजावरात पाश्चात्त्य धाटणीचा बँड ठेवला होता, तेव्हा पाय कसे टाकावेत हे या मुलखाला अगदीच नवं नाही. खांदेकऱ्यांनी मिनिटाला १२० पावलं धरली तर देवळाभोवतीच्या चारही वीथी दिवे लागायच्या आत उरकतील. नागस्वरमवाल्यांना तेवढं पळत वाजवावं लागेल.