कोरड्या पायांच्या शिकाऱ्यास

चि. ठाणेकर बंधूस,

वि. वि. पत्रास कारण की, मृगाचा पहिला दणकेबाज पाऊस झाल्यावर तू खेकड्यांच्या शिकारीला गावी आलास आणि पऱ्याला, म्हणजे आपल्या ओढ्याला, एक बूट वाहून परत गेलास. हे सगळं घरच्या ग्रुपवरच लिहिणार होतो. पण तिथे तू अंगठ्याचं चित्र टाकून मोकळा झाला असतास. शिवाय तुझे जातभाई दर पावसाळ्यात गाड्या भरभरून कोकणात उतरतात. तेव्हा चारचौघांतच बोललेलं बरं.

आधी तुझं कौतुक. महिनाभर तुझी तयारी चालली होती म्हणे. काकू सांगत होती, रात्र रात्र जागून अलास्कात मूस हरणांच्या शिकारीला जाणाऱ्यांचे व्हिडिओ बघत होतास. त्यांचं बघून छातीपर्यंत येणारी रबरी विजार मागवलीस, घोट्याच्या वर चढणारे जलरोधक बूट घेतलेस आणि तीन दिवसांचा मुक्काम असल्यासारखी सॅक भरलीस. शिकार कशाची? बॅटरीच्या उजेडात दगडाखालून निघणाऱ्या खेकड्यांची. कुठे? आपल्या घरामागच्या पऱ्यात. मे महिन्यात जिथे म्हैस बसायलाही तयार होत नाही, त्याच पऱ्यात.

अलास्कातले लोक ती विजार हौस म्हणून घालत नाहीत रे. त्यांच्या कित्येक नद्यांना हिमनद्यांचं वितळलेलं पाणी येतं. त्यात उघडे पाय काही मिनिटांत बधिर होतात. आणि शिकार मिळाली तर मूसचं क्विंटलभराहून जास्त मांस खेपा घालून पाठीवरून त्याच नदीतून आणायचं असतं. त्यांची लढाई थंडीशी आहे. आपल्याकडे जूनचं पाणी सरळ अंगावर घ्यावं असं असतं. तू मात्र ती विजार चढवून साकवापर्यंत आलास आणि तेवढ्यात आतून घामाने निथळलास. बाहेरचा थेंब आत येऊ न देणारं रबर आतला थेंब बाहेर कुठून सोडणार? शेवटी ती तिथेच आंब्याच्या फांदीला लटकवलीस. पहाटे गुरं घेऊन निघालेल्या आपल्या शेजारच्या म्हातारबाबांनी ती बघितली आणि वाट बदलली. अजून त्या वाटेने जात नाहीत.

मग निघाले बूट. पऱ्याच्या काठावर थांबून तू जे वाक्य बोललास, ते आता वाडीत म्हणीसारखं वापरलं जातं: “पण इथून गेलं तर पाय ओले होतील ना?” आपल्याला शिकारीला नेणाऱ्या तात्यांनी तुझ्याकडे बघितलं, पाण्याकडे बघितलं आणि बिडी विझवली.

पाय ओले होऊ नयेत म्हणून तू दगडावरून दगडावर उड्या मारत निघालास. या एका कल्पनेने जितके घोटे मुरगळले असतील, तितके दुसऱ्या कशाने नसतील. आपल्या पऱ्यातले गोटे म्हणजे सह्याद्रीचा काळा कातळ, वर्षानुवर्षं पाण्याने घासून गुळगुळीत झालेला. पहिला पाऊस पडला की उघड्या दगडांवरचं वाळलेलं शेवाळ पाणी पितं आणि बुळबुळीत होतं. म्हणजे तू पाय ठेवायला जो पाण्याबाहेरचा, ओलसर, दिसायला भक्कम दगड निवडलास, तोच सगळ्यांत दगाबाज. जाणता माणूस दगडाच्या माथ्यावर पाय ठेवत नाही. तो सरळ पाण्यात उतरतो, दोन गोट्यांच्या मधल्या वाळूत पाय रोवतो, तो ठरला की मगच दुसरा उचलतो. त्याचे पाय भिजतात. पण पायच भिजतात. तू चौथ्या उडीला कमरेपर्यंत भिजलास.

आता त्या जलरोधक बुटांविषयी. विकणाऱ्याने तुला फसवलं नाही, हे आधी मान्य करतो. बाजूने पाणी येत नाही हे त्याचं म्हणणं शंभर टक्के खरं. पण गुडघाभर पाण्यात बुटाचं तोंड वर उघडं असतं, आणि पाणी बाजू बघून येत नाही. एकदा आत शिरलं की तेच जलरोधक अस्तर त्याला बाहेर पडू देत नाही. लिटरभर पाण्याचं वजन एक किलो. पाण्यात असेपर्यंत ते जाणवत नाही. काठ चढायला लागलास की जाणवतं. पुढचा सगळा वेळ तू पायांत दोन भरलेले तांबे बांधल्यासारखा पचाक पचाक करत चाललास. खेकडा आवाजापेक्षा दगडाला बसणारा हादरा ओळखतो. तुझ्या पुढच्या दहा पावलांतला प्रत्येक खेकडा तू पोचण्याआधीच बिळात गेलेला असायचा. मागून येणाऱ्यांनी काय पकडायचं, बिळं?

तळाविषयीही बोलू या. खोल खाचांचा तळ चिखलाला आणि मातीच्या चढाला उत्तम. त्या खाचा मातीत रुततात. शेवाळलेल्या गुळगुळीत दगडात काय रुतणार? तिथे खाचांची फक्त टोकं टेकतात, आणि तीही कडक रबराची. अशा दगडाला मऊ रबर लागतं किंवा मग तंतूंचं काहीतरी, जे शेवाळाचा थर दाबून खालच्या दगडापर्यंत पोचेल. जपानात डोंगरातल्या ओढ्यांतून वर चढत जाणारे लोक पूर्वीपासून पेंढ्याच्या वहाणा बांधायचे, त्या याचसाठी. परदेशातले गळवाले याचसाठी तळाला नमदा लावायचे. पकड झकास, पण त्या ओल्या नमद्यातून एका नदीतलं शेवाळ दुसऱ्या नदीत प्रवास करायला लागलं. न्यूझीलंडमध्ये डिडिमो नावाच्या शैवलाने नद्यांचे तळ झाकायला सुरुवात केली, तेव्हा तिथे मासेमारीत असे तळ वापरायला २००८ साली बंदी आली. तुझ्या अलास्कानेही २०१२ पासून गोड्या पाण्यातल्या मासेमारीसाठी तेच केलं. हे तुझ्या व्हिडिओवाल्यांनी सांगितलं नसावं. त्यांच्या बुटांच्या जाहिराती संपायच्या राहिल्या असतील.

खरा गुन्हा मात्र परतताना घडला, आणि तो विनोद नव्हे. आम्ही वरच्या अंगाला होतो. तात्यांच्या बॅटरीच्या झोतात नांग्या उगारून बसलेला एक नर थबकला होता. पाठीमागून कवचाच्या दोन्ही कडा धरून त्यांनी तो अलगद उचलला आणि बारदानात टाकला. पुढची मादी उलटी करून पोटावरचं झाकण बघितलं, खाली बारीक पिल्लं चिकटलेली दिसली, तेव्हा ती होती तिथे ठेवून दिली. एवढ्यात पाण्याचा रंग बदलला. आपल्याकडे पाऊस थांबला होता, पण वर घाटात कोसळत असावा. पाणी गढूळ झालं, पाठोपाठ पाला आणि काटक्या यायला लागल्या. तात्या म्हणाले, “चला, पलीकडे. आत्ता.” तू म्हणालास, “एक मिनिट, बूट काढतो. आता कुठे उपडे करून निथळवलेत.”

एका हातात बूट, दुसऱ्या हातात मोबाइल, दातांत बॅटरी. तात्यांनी पुढे केलेली काठी घ्यायला तुला तिसरा हात नव्हता. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो. मघाशी पिंढरीशी खेळणारं पाणी आता गुडघ्याला ढकलत होतं. अशा वेळी तोंड वरच्या अंगाला करायचं, काठी समोर टेकवायची, एका वेळी एकच पाय हलवायचा. तू तळव्याला गोटा टोचला म्हणून एका पायावर उभा राहिलास. आडवा झालास तो थेट बारदान धरलेल्या माझ्या पुतणीच्या अंगावर. चौदा वर्षांची पोर. तात्यांनी तिचा दंड धरला, मी तुझी कॉलर. खाली पंचवीस पावलांवर कोंड, म्हणजे खोल डोह आहे, तो तुला माहीत नसेल, आम्हाला आहे. बारदान उपडं झालं. तासाभराची शिकार सुखरूप आपापल्या घरी गेली. आणि काठाला लागल्यावर तू पहिला प्रश्न विचारलास, “माझा बूट?”

तुझा डावा बूट, बंधो, पऱ्याने खाली नेला. खाली शास्त्री नदी आहे, आणि शास्त्री जयगडपाशी समुद्राला मिळते. भरतीच्या वेळी तिथे उभा राहिलास तर भेट होईलही.

तू म्हणशील, गावातले लोक अनवाणीच जातात की. जायचे. त्यांच्या तळव्यांना जन्मभराची कातडी आहे, तुझ्यांना लिफ्टची सवय. आणि आता त्यांचं अनवाणी जाणंही कमी झालं आहे. पऱ्यात बाटल्यांच्या काचा येतात, आणि पायाला जखम असेल तर लेप्टोची भीती. उंदरांच्या, गुरांच्या मुतातून तो जंतू पाण्यात येतो आणि चिरेतून अंगात शिरतो. म्हणून तात्या बाजारातले ते काळे प्लास्टिकचे भोकाभोकांचे बूट घालतात, ज्यांच्यावर तू स्टेशनपासून हसत होतास. पाणी एका भोकातून आत, दुसऱ्यातून बाहेर. टाचेला पट्टा, म्हणून चिखलात सुटत नाहीत. तळ मऊ. भिजतात आणि भिजले तरी तितकेच हलके राहतात. तुझ्या एका बुटाच्या किमतीत अख्ख्या वाडीला मिळाले असते. हवाई चपलेची मात्र आठवण काढू नकोस. ती पायातून निघण्यासाठीच जन्माला आली आहे. आणि सुती मोजे घरी ठेव. भिजल्यावर ते टाचेचं सालटं काढतात, बाकी काही करत नाहीत.

आर्द्रात पुन्हा येणार आहेस असं काकूकडून कळलं. ये. येताना सॅक नको, विजार नको, सल्ला नको. हात दोन्ही मोकळे आण. एक काठीला लागेल, एक पुतणीने मागितला तर द्यायला. मोबाइल काकूकडे ठेव. पाणी गढूळ झालं आणि तात्या “चला” म्हणाले, की चालायचं. नाहीतर “आज नको” म्हणाले, की अलीकडेच बसून रात्र काढायची. त्यात कुणाची मर्दुमकी कमी होत नाही. बूट शनिवारच्या बाजारातून मीच घेऊन ठेवतो, तेवढा पायाचा नंबर कळव. उरलेला उजवा बूट हवा असेल तर पोस्टाचा खर्च तुझा.

कळावे. लोभ आहे, तो वाढवायचा की नाही, हे आर्द्रात ठरवू.

तुझा,
गावाकडचा दादा