माझं बी-वन झालंय

पुण्यात दहावीचा निकाल लागला की घरोघरी एक बैठक बसते. विषय एकच: अकरावीला दुसरी भाषा कुठली घ्यायची? मराठी नको, मराठीत मार्क जातात. संस्कृतात पैकीच्या पैकी पडतात म्हणे, पण वरच्या मजल्यावरच्या मुलीने जर्मन घेतलंय. मग क्लासवाल्या काकूंना फोन जातो आणि निवाडा येतो, "जर्मन घ्या. स्कोअरिंग आहे." ज्या भाषेत कांट, मार्क्स आणि आइनस्टाइन यांनी डोकेफोड केली, तिची सदाशिव पेठेतली ख्याती ही एवढी.

दोन वर्षांनी मुलगा अठ्ठ्याण्णव मार्क घेऊन येतो आणि त्याला जर्मनमधून पाणी मागता येत नाही. येणार कसं? पाण्यावर प्रश्न नव्हता. त्याला येतात ती तोंडी परीक्षेची आठ वाक्यं. नाव, गाव, वय, बाबा इंजिनियर, आई गृहिणी, एक बहीण, छंद वाचन आणि पोहणं. पुण्यातली हजारो मुलं जर्मनमध्ये वाचतात आणि पोहतात. मराठीत ती मोबाइल बघतात.

पुढे हाच मुलगा परदेशी जायचं ठरवतो तेव्हा भाषा पुन्हा आठवते. आता ती मार्कांची नसते, व्हिसाची असते. कॉफीच्या टेबलावर संवाद ऐकू येतात: "तुझं ए-टू झालं?" "झालं. बी-वन डिसेंबरात करून टाकतो." मुंज झाली, साखरपुडा झाला, तसं बी-वन होतं. आणि मुंजीनंतर जितक्या जणांना संध्या येते तितक्याच जणांना बी-वननंतर जर्मन येतं. या पायऱ्या 'कौन्सिल ऑफ युरोप'ने २००१ साली छापल्या त्या माणसाला भाषेत काय काय करता येतं हे सांगायला. रस्ता विचारता येतो का, डॉक्टरला दुखणं सांगता येतं का, भांडता येतं का. आपण त्यातलं 'करता येतं' वगळलं आणि सर्टिफिकेट लॅमिनेट करून घेतलं.

ज्यांना परीक्षेचीही घाई नाही, त्यांच्यासाठी मोबाइलच्या अ‍ॅपमधलं हिरवं घुबड आहे. रोज पाच मिनिटं बोट फिरवलं की ते खूश होतं, नाही फिरवलं तर रुसतं. चारशे दिवसांची 'स्ट्रीक' मिरवणारे गृहस्थ मला माहीत आहेत. फ्रँकफर्टच्या विमानतळावर त्यांनी चहा इंग्रजीतून मागितला. घुबडाचा यात दोष नाही. ते आपल्याला रोज बोलावतं, बोलायला लावत नाही, इतकंच.

आणि रिक्षांच्या पाठीवर जाहिराती असतात: तीन महिन्यांत फाडफाड जपानी. अमेरिकेचं परराष्ट्र खातं आपल्या वकिलातीत जाणाऱ्या माणसांना जपानीसाठी ८८ आठवडे देतं, वर्गातले सुमारे २२०० तास. तेही पगार चालू ठेवून, दुसरं काही काम न देता. आमच्याकडे शनिवार-रविवारची बॅच, मध्ये समोशाची सुट्टी धरून, तीन महिन्यांतच आटोपते. अमेरिकन मंद असावेत.

वीकेंड बॅचवरून आठवलं. हेर्मान एबिंगहाउस नावाच्या जर्मन गृहस्थाने निरर्थक अक्षरांच्या याद्यांमागून याद्या स्वतः पाठ केल्या, आपण त्या किती वेगाने विसरतो हे मोजलं आणि १८८५ साली पुस्तक छापलं. निष्कर्ष असा की पाठ केलेल्याचा मोठा भाग पहिल्याच दिवसात गळतो, उरलेला मग सावकाश. म्हणजे रविवारी संध्याकाळी शिकलेले शब्द सोमवारी रात्रीपर्यंत गेलेले असतात आणि आपण ते पुढच्या शनिवारी शोधायला बसतो. यावर सेबास्टियान लाइटनर नावाच्या गृहस्थाने १९७२ साली एक खोका सांगितला. पाच कप्पे, शब्दांच्या चिठ्ठ्या. आलेली चिठ्ठी पुढच्या कप्प्यात, चुकलेली परत पहिल्यात. खर्च शून्य. म्हणूनच बहुधा तो कुणी विकत नाही आणि कुणी करत नाही.

पण मला खरा गुरू वाटतो तो हाइनरिख श्लीमान. ट्रॉय खणून काढणारा तोच. हा माणूस १८४० च्या दशकात अ‍ॅमस्टरडॅममध्ये पेढीवर किरकोळ कामाला होता आणि अर्धा पगार भाषा शिकण्यावर घालवत होता. निरोप पोचवायला निघाला की पावसातही हातात पुस्तक. पोस्टात रांगेत उभा राहिला की पाठांतर. इंग्रजी शिकायची म्हणून दर रविवारी दोनदा इंग्रजांच्या चर्चमध्ये जायचा. देवाशी काही काम नव्हतं. पाद्री जे बोलेल ते शब्दागणिक, त्याच्या मागोमाग, हळू आवाजात पुटपुटायचा. शेजारच्या बाकावरच्यांना हा किती भाविक वाटला असेल! त्याची पद्धत त्यानेच लिहून ठेवली आहे: मोठ्याने वाचा, भाषांतर करत बसू नका, रोज तासभर द्या, स्वतःला रस असलेल्या विषयावर चार ओळी लिहा, मास्तरकडून दुरुस्त करून घ्या आणि दुरुस्त केलेलं पाठ करून दुसऱ्या दिवशी म्हणून दाखवा.

मग त्याला रशियन शिकायची हुक्की आली. अ‍ॅमस्टरडॅममध्ये रशियनचा मास्तर मिळेना. हाताशी एक जुनं व्याकरण, एक शब्दकोश आणि एका फ्रेंच कादंबरीचं भिकार रशियन भाषांतर. त्याने कादंबरी पाठ करायला घेतली. पण ऐकायला कुणी असल्याशिवाय म्हणण्याला जोर येईना, म्हणून आठवड्याला चार फ्रँक देऊन एक गरीब ज्यू माणूस ठेवला. त्याने रोज संध्याकाळी दोन तास यायचं आणि श्लीमानचं रशियन ऐकायचं. त्या बिचाऱ्याला रशियनचा एक शब्द कळत नव्हता. तिकडच्या घरांना लाकडी फळ्यांची तक्तपोशी. तिसऱ्या मजल्यावरचं खाली ऐकू जायचं. भाडेकरूंनी घरमालकाकडे तक्रार केली आणि रशियन येईपर्यंत श्लीमानला दोनदा बिऱ्हाड बदलावं लागलं. सहा आठवड्यांत त्याने रशियनमधून पहिलं व्यापारी पत्र लिहिलं, १८४६ साली पेढीने त्याला सेंट पीटर्सबर्गला पाठवलं आणि तिथे त्याने निळीच्या व्यापारात बख्खळ पैसा केला. श्लीमानच्या आत्मकथेवर किती विश्वास ठेवायचा यावर अभ्यासकांची भांडणं आहेत. माणूस फुशारकीचा होता. तरी पीटर्सबर्ग खरं आहे, आणि बिऱ्हाड बदलल्याची फुशारकी कुणी मारत नाही.

मला वाटतं, भाषेच्या क्लासची खरी कसोटी हीच असावी. शेजाऱ्यांनी सोसायटीच्या चेअरमनकडे तक्रार केली का? नसेल, तर तुम्ही मनातल्या मनात शिकताय आणि मनातल्या मनातच राहणार.

आमची दुसरी खोड याहून गमतीची. जर्मन आम्ही इंग्रजीतून शिकतो. मातृभाषा मराठी, शिकायची जर्मन, आणि रस्ता लंडनवरून. बाई फळ्यावर लाल खडूने लिहितात की 'वाइल'नंतर, म्हणजे 'कारण' म्हटल्यावर, क्रियापद वाक्याच्या शेवटी टाकायचं. सगळा वर्ग अघटित घडल्यासारखा ते वहीत उतरवतो. अरे, जन्मापासून आणखी कुठे टाकत आलात? 'एस गेफेल्ट मीर' हे इंग्रजीतून समजावताना बाईंना घाम फुटतो, कारण इंग्रजीत ज्याला आवडतं तो माणूस कर्ता असतो. मराठीत सरळ 'मला आवडतं'. 'मीर इस्ट काल्ट' म्हणजे मला थंडी वाजतेय. थंडी मला वाजते, मी थंडीला वाजत नाही, हे आपल्याला कुठल्याही तक्त्याविना कळतं. समोरच्याला 'डू' म्हणायचं की 'झी', यावर इंग्रजी पुस्तकं पानं खर्च करतात. ज्या समाजात 'अरे-तुरे कुणाला करतो' यावरून रस्त्यात मारामाऱ्या होतात, त्याला हे शिकवायचं?

तीन लिंगांची तर केवढी बोंब! मार्क ट्वेनने १८८० साली जर्मन भाषेवर एक अख्खा लेख लिहून त्यावरून जर्मनांची टर उडवली, ते ठीक. त्याच्या भाषेत ही भानगड नव्हती. पण आपण कशाला रडायचं? ती बस, तो ट्रक, ते टेबल हे ठरवायला कुठली समिती बसली होती? मुलीला नपुंसकलिंग कसं, असं विचारत पुण्याची मुलं 'मेडशेन'वर हसतात. त्यांनी सावंतवाडीला किंवा म्हापशाला जाऊन 'चेडू'चं लिंग विचारावं.

आकड्यांचं तर काय सांगावं. जर्मन माणूस एकवीस म्हणताना आधी एक म्हणतो, मग वीस. इंग्रजी माध्यमाच्या मुलाला ते उलटं वाटतं. आपल्या एकवीस, बावीस, तेवीसमध्ये तेच आहे. २०१९ साली बालभारतीने दुसरीच्या गणितात 'वीस एक', 'वीस दोन' आणलं तेव्हा महाराष्ट्र पेटला होता. जर्मनीतही आकडे सरळ करा म्हणणारी एक संस्था आहे. तिचंही तिकडे कुणी ऐकत नाही. दोन समाजांचं इतकं सख्य आणि मध्ये दुभाषा इंग्रज!

याचा अर्थ मराठी माणसाला जर्मन फुकट येते असा नाही. विभक्तीची कोष्टकं घोकावीच लागतात, आणि कुठल्या टेबलाला कुठलं लिंग हे शब्दासोबतच पाठ करावं लागतं. नंतर चिकटवू म्हटलं की चिकटत नाही. पण कान मात्र फुकट मिळतो. डॉइचं वेलं ही त्यांची प्रसारण संस्था सावकाश वाचलेल्या बातम्या रविवार सोडून रोज देते, सोबत मजकूरही. तीच पाच मिनिटं आधी नुसती ऐकायची, मग मजकूर समोर धरून ऐकायची, मग निवेदकाच्या पाठोपाठ म्हणायची, चर्चमधल्या श्लीमानसारखी. तिसऱ्या दिवशी कंटाळा येतो. येऊ दे. दहाव्या दिवशी वाक्याचा शेवट निवेदकाच्या आधी आपल्या तोंडी येतो, आणि व्याकरणाचा तो धडा बाईंना घ्यावाच लागत नाही. जर्मन टीव्हीवर मुलांसाठी एक उंदराचा कार्यक्रम आहे, १९७१ पासून दर रविवारी चालू. सुरुवातीलाच आज काय काय आहे ते जर्मनमध्ये सांगतात आणि मग तेच एखाद्या परक्या भाषेत. त्यावर परीक्षा नाही, मार्क नाहीत, गाइड नाही. चार वर्षांच्या पोराच्या कानावर परकी भाषा नुसती पडू द्यायची, ही कल्पनाच आपल्याकडच्या पालकसभेत धक्कादायक ठरेल.

बोलायचं कुणाशी, हा प्रश्न हमखास येतो. त्याचं उत्तर अजिंठ्याच्या पायथ्याशी उभं आहे. लेणी बघायला आलेल्या परदेशी पाहुण्यांना स्फटिक आणि पोस्टकार्डं विकणारी मुलं समोरच्याचा चेहरा बघून भाषा बदलतात. किंमत, घासाघीस, 'शेवटचा भाव', 'मित्रा, बघून तर जा', सगळं त्या त्या भाषेत. व्याकरण दिव्य असतं. क्रियापद सापडलं नाही म्हणून धंदा अडत नाही, आणि गिऱ्हाईक हसलं तर ते चांगलंच, हसलेलं गिऱ्हाईक घेतं. आमच्याकडच्या सुशिक्षिताला नेमका तिथेच घाम फुटतो. लिंग चुकलं तर? जर्मन माणूस काय म्हणेल? काही म्हणत नाही, दुरुस्त करतो. त्याला ती सवय आहे आणि पुण्याच्या माणसाने तरी त्याबद्दल तक्रार करू नये.

आता तर हा सरकारी विषय झाला आहे. २०२४ साली महाराष्ट्राने जर्मनीतल्या बाडन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी करार केला: इथून १० हजार कुशल हात तिकडे जायचे. परिचारिका, इलेक्ट्रिशियन, प्लंबर, ड्रायव्हर. त्यासाठी भाषा शिकवायची. आयटीआयचा पोरगा मनगट चालवणारा असतो, तो घोकंपट्टीवाल्यांपेक्षा लवकर शिकेल असं माझं मत आहे, त्याच्यापुढे तक्ते नाचवले नाहीत तर. त्याला पहिल्या दिवशी पाना, नळ, गळती, फ्यूज आणि 'साहेब, हा भाग बदलावा लागेल' एवढं द्या. छंद वाचन आणि पोहणं नंतर बघू.

गंमत अशी की या बाडन-व्युर्टेम्बर्गने १९९९ पासून कित्येक वर्षं स्वतःची जाहिरात केली ती अशी: आम्हाला सगळं जमतं, एक प्रमाण जर्मन सोडून. मोठमोठ्या फलकांवर, सरकारी खर्चाने. तिथली पुष्कळ माणसं घरीदारी स्वाबियन बोली बोलतात, आणि ती ऐकून उत्तरेकडच्या जर्मनांनाही 'काय म्हणालात?' असं विचारावं लागतं. २०२१ साली त्यांनी ही घोषणा बदलली. नवी घोषणा दोन शब्दांची आहे, 'द लेंड', आणि जर्मनपेक्षा ती इंग्रजीच जास्त. म्हणजे आमचा पोरगा बी-वनचं लॅमिनेटेड सर्टिफिकेट घेऊन श्टुटगार्टला उतरेल, शुद्ध उच्चारात 'गुटेन टाग' म्हणेल, आणि मालक दात कोरत काहीतरी तिसरंच बोलेल. पुण्याचा असेल तर तो तिथल्या तिथे त्या मालकाचं जर्मन सुधारायला घेईल. कोल्हापूरचा असेल तर विचारेल, "काय म्हंता मालक, जरा हळू बोला की," आणि दिवाळीपर्यंत स्वाबियन बोलायला लागेल.