पोह्यांचा जन्मदाखला मागणाऱ्या सचिवसाहेबांस

आपल्या सोसायटीचे माननीय सांस्कृतिक सचिवसाहेब,



७ जूनचा 'विश्व पोहा दिवस' तुमच्या अध्यक्षतेखाली, तुमच्याच सूत्रसंचालनात आणि तुमचाच सत्कार होऊन निर्विघ्न पार पडला, याबद्दल आधी अभिनंदन. फलक देखणा होता. त्यावर तुमचा फोटो पोह्यांच्या ताटलीहून मोठा होता, याला माझी हरकत नाही. वर्गणीसाठी मजले तुम्ही चढता, तेव्हा फोटोही तुमचाच असायचा. एवढंच नोंदवते की फलकावरच्या त्या पोह्यांवर शेंगदाणे होते. चांगले तळलेले, टपोरे. हे ध्यानात असू द्या, पुढे लागेल.

खरं तर दिवसांवरून तुमच्याशी भांडणं मी कधीच सोडून दिलं होतं. ३ जूनला सायकल दिनाची शिट्टी वाजली, मी कूस बदलली. ५ जूनला पर्यावरण दिनी गेल्या वर्षीच्याच खड्ड्यात यंदाचं रोप लागलं, मी टाळ्या वाजवल्या. पोह्यांच्या दुसऱ्या दिवशी, ८ जूनला, महासागर दिनाच्या शुभेच्छा आल्या. सचिवसाहेब, आपल्या गावात कान्ह नदी आहे. तिच्याकडे बघून महासागर आठवायला फार मोठं मन लागतं, ते तुमच्याकडे आहे. चहाचा दिवस २१ मेला, इडलीचा ३० मार्चला, समोशाचा ५ सप्टेंबरला. त्या दिवशी बिचाऱ्या शिक्षकांना जरा सरकून बसावं लागतं. हे सगळं मी सोसलं.

पण इंदुरात पोह्यांना दिवस? ज्या गावात माणूस छप्पन दुकानाकडे फिरायला म्हणून निघतो आणि हातात ताटली घेऊनच थांबतो, ज्या गावात पाहुण्याला 'पोहे खाणार का' असं विचारत नाहीत, 'आत्ता की आंघोळीनंतर' एवढंच विचारतात, तिथे? इथे एखादा दिवस पोह्यांशिवाय गेला, तर त्याला खुशाल नाव द्या. मी स्वतः फलक धरून उभी राहीन.

निमंत्रण साडेसातचं होतं. पोहे सहालाच तयार होते. आपल्या पोहेवाल्याची सगळी करामत परातीखालच्या भगोन्यात असते. पाणी उकळत राहतं, वाफ परातीला लागत राहते, आणि पोहे दुपारपर्यंत मऊ, मोकळे आणि गरम राहतात. तुम्ही तो गॅस बंद करायला लावलात. सेल्फी काढताना मागे वाफ येते, चेहरे धुरकट दिसतात, असं कारण कानावर आलं. त्यानंतर चार भाषणं झाली. भाषणं संपली तेव्हा परातीत पोहे उरले नव्हते, पोह्यांची वडी उरली होती. आणि योगायोग असा की ७ जून हा संयुक्त राष्ट्रांनी ठरवलेला जागतिक अन्नसुरक्षा दिनही आहे, २०१९ पासून. शिजवलेलं अन्न दोन तासांपेक्षा जास्त वेळ नुसतं उघड्यावर ठेवू नये, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. ती हे इंदूरच्या जून महिन्यातल्या उकाड्याबद्दल बोलत नसावी. तो तिने पाहिला असता तर भाषणांवरच वेळेचं बंधन घातलं असतं.

शेव सादळली. जिलब्या समितीच्या टेबलाकडे वळल्या त्या परत आल्या नाहीत. २०१७ पासून स्वच्छतेचा पहिला नंबर मिरवणाऱ्या गावात थर्माकोलच्या ताटल्या ओल्या कचऱ्यात गेल्या. हा शेवटचा विषय मी कचऱ्याच्या पिवळ्या गाडीवर सोपवते, ती रोज सकाळी गाणं लावून येतेच.

आता मुद्द्याचं. 'अस्सल इंदुरी पोहे स्पर्धा'.

माझ्या आईने नाव दिलं. मी नको म्हणत होते, पण लिफ्टशेजारची तुमची नोटीस तिने चष्मा लावून दोनदा वाचली होती. जन्म रामबागेतला, आयुष्य सगळं इंदुरातलं. परीक्षकाच्या वडिलांचं बारसं झालं नसेल तेव्हापासून ही बाई या गावात पोहे करते आहे. पहाटे उठून तिने पोहे रोळीत धुऊन ठेवले. 'भिजवले' असं लिहिलं असतं तर ती मला रागावली असती. पोहे भिजवत नाहीत, धुतात आणि निथळू देतात. फोडणीत मोहरी, हिंग, मिरची, कढीपत्ता, शेंगदाणे, आणि बडीशेप. वरून चिमूटभर साखर, लिंबू, कोथिंबीर आणि ओलं खोबरं. जिरावण मसाला वेगळ्या वाटीत, शेव वेगळ्या वाटीत, कारण तिच्या मते शेव ज्याची त्याने आपल्या हाताने घ्यायची असते.

परीक्षक म्हणून तुम्ही एक फूड व्लॉगर आणला होता. मुलगा गोड होता, मिशी ठेवायची की नाही हे अजून ठरत होतं. त्याने मोबाइल आईच्या डब्यावर धरला, चमच्याने एक दाणा उचलला आणि तो कॅमेऱ्याला दाखवत म्हणाला, "आंटी, मूंगफली? और ये नारियल? ये तो पूना वाला हो गया. ये इंदौरी नहीं है." खाल्लं नाही. चमचा तसाच परत ठेवला. आणि तुम्ही माइकवरून जाहीर केलंत, "नियमानुसार ये प्रविष्टि बाहर की जाती है." लोक हसले. कुणी वाईट हेतूने हसलं असं नाही, पण हसले. आई आपली खुर्चीत बसून पदराने वाटीची कड पुसत राहिली.

पहिला क्रमांक ज्यांना मिळाला, त्यांनी पोहे नाक्यावरच्या गाडीवरून आणले होते. त्यांनीच मला लिफ्टमध्ये सांगितलं. निदान ते गरम होते.

तर सचिवसाहेब, अस्सल इंदुरी पोहे म्हणजे नेमके कुठले, हे मला तुमच्याकडून समजून घ्यायचं आहे. माळव्याच्या काळ्या मातीत सोयाबीन होतं, गहू होतो. भाताचं नाव काढू नका. पोहे येतात गिरण्यांमधून, उज्जैनच्या म्हणा, छत्तीसगडातल्या भाटापाऱ्याच्या म्हणा. हिंग अफगाणिस्तानातला. जिलबीचं कूळ पश्चिम आशियातलं. शेंगदाणा परका म्हणून बाद करायचा, तर तो आणि मिरची दोघेही मुळात अमेरिका खंडातले. पोर्तुगीजांच्या काळात समुद्र ओलांडून आलेली मिरची आत आणि दाणा बाहेर, हा नियम कुठल्या समितीत मंजूर झाला? आणि फलकावर जे शेंगदाणे छापले होते, ते कुठल्या कोट्यातून आले?

त्यात तुमचे प्रमुख पाहुणे. मातोश्री अहिल्याबाई राजवाड्यात बसून रोज सकाळी पोहे घेत, असं त्यांनी सांगितलं. बाईसाहेबांचा कारभार महेश्वरहून चालत असे. त्या १७९५ मध्ये गेल्या, आणि इंदूर होळकरांची राजधानी झालं १८१८ मध्ये. पोहे होळकरांच्या स्वारीबरोबर आले असं आपल्याकडे सगळेच म्हणतात. मीही पाहुण्यांना तेच सांगते, गोष्ट चांगली आहे. पण तीच गोष्ट खरी धरायची, तर पोहे इथे आणले कोणी? मराठी माणसांनी. मग त्यांच्याच नातीपणतीला तुम्ही 'पूना वाला' म्हणून खाली बसवलंत. ज्यांच्या घरचं मूळ, त्यांनाच दाखला मागायचा!

बरं, पुण्याला तरी आम्हाला कोण विचारतं? मावशीच्या दाताखाली बडीशेप आली की ती ताटली खाली ठेवते. "हे काय गं, पोह्यांत मुखवास?" शेव आणि जिलबी बघून तर तिची मुलं एकमेकांकडे बघतात. तिथे आम्ही 'इंदूरकर', इथे 'पूना वाले'. आमच्या घरात तर एकाच कढईतले पोहे चार तऱ्हांनी खाल्ले जात. वडील दही घालून खात. भाऊ कांदा वेचून ताटलीच्या कडेला रांगेने लावतो. मला कढईच्या तळाची खरपूड लागते. आईला शेवटी उरतील ते लागतात, निदान ती तसं म्हणते. यातलं अस्सल कुठलं, हे ठरवायला आम्ही कधी परीक्षक बोलावला नाही.

मला राग दाण्यांचा नाही आला. जानेवारी २०२० मध्ये याच इंदुरात, नागरिकत्वाच्या कायद्याच्या समर्थनार्थ झालेल्या एका कार्यक्रमात, भाजपचे नेते कैलाश विजयवर्गीय यांनी सांगितलं होतं की त्यांच्या घरी कामाला आलेले मजूर नुसते पोहेच खात होते, त्यावरून ते बांगलादेशी असावेत असा त्यांना संशय आला. इंदुरात! पोह्यांवरून! तेव्हा सगळा देश हसला, आपणही हसलो. पोह्यांचे विनोद करून करून आपल्याच ग्रुपवर दोन दिवस दुसरं काही बोलणं झालं नाही, आणि त्यातले निम्मे विनोद तुम्हीच पाठवले होतेत. हसून आपण तो विषय संपवला. दिवसभर विटा उचलणारा माणूस पोहे का खातो, तर ते स्वस्त असतात, चटकन होतात आणि पोट भरतं, हे कोणाला वेगळं सांगायची गरज पडू नये. पण माणसाच्या ताटात काय आहे ते बघून तो कुठला, आपला की परका, हे ठरवता येतं, ही कल्पना त्या हसण्याने मेली नाही. ती आपल्या मंडपात येऊन बसली, हातात मोबाइल घेऊन, 'आंटी' म्हणत. आणि माइक तुमच्या हातात होता. एक वाक्य बोलला असतात तर पुरलं असतं. "अरे, आधी खाऊन तर बघ!" एवढंच. तेवढं तुमच्याच्याने झालं नाही!

इथे पत्र संपवायला हवं होतं. पण मी तुम्हाला नंतर पाहिलं.

बक्षीस वाटप चालू होतं आणि तुम्ही मंडपामागे, जनरेटरच्या आडोशाला, आईचा डबा हातात धरून उभे होतात. चमचा नव्हता. मी आल्याचं पाहून तुम्ही दचकलात, तोंडातला घास गिळलात आणि म्हणालात, "खोबरं आमची आईपण घालायची." मराठीत म्हणालात. ग्रुपवर, मीटिंगमध्ये, गच्चीवर, इतक्या वर्षांत तुमच्या तोंडून मराठी मी क्वचितच ऐकली. तुम्ही नारायण बागेतले, हे मला माहीत आहे. समितीत तुम्ही एकटेच मराठी आहात, हेही माहीत आहे. आईची बाजू घेतली असतीत तर 'अपने वालों को जिता दिया' हे वाक्य तुम्हाला वर्षभर ऐकावं लागलं असतं, तेही पार्किंगच्या भांडणात.

हे दिवस तुम्ही का काढता, तेही मला त्या आडोशालाच समजलं. आपल्या जुन्या वाड्यांत माणसं जमवायला नोटीस लागत नसे. संकष्टीला कुणाकडे तरी मोदक, चैत्रात हळदीकुंकवाला डाळ आणि पन्हं, कोजागिरीला गच्चीवर दूध, श्रावणात रोज एक निमित्त. इथे बारा मजल्यांवर बारा गावची माणसं, कुणाचा उपास कधी आणि कुणाला काय चालत नाही याचा पत्ता नाही. एकाचा सण काढावा तर दुसरा विचारतो, आमचा का नाही. म्हणून तुम्ही सायकल, चहा, महासागर असे दिवस शोधून काढता, ज्यांवर कुणाचाच हक्क नाही आणि कुणाचाच रुसवा नाही. शोधता शोधता पोह्यांवर आलात. बरोबर आलात! या इमारतीत पोहे न खाणारं घर नसेल. तुमचं अख्खं कॅलेंडर चाळलं तर हा एकच दिवस असा होता, ज्याला प्रत्येकाने आपल्या घरचे, आपल्या तऱ्हेचे पोहे घेऊन खाली यायचं होतं. नागपूरवाल्यांनी तर्री आणली असती, पाचव्या मजल्यावरच्या गोव्याच्या वहिनींनी दिवाळीसारखे नारळाच्या रसातले केले असते. त्याच दिवसाला तुम्ही चाळणी लावलीत.

हे सगळं मला समजलं म्हणून राग गेला, असं मात्र समजू नका. जनरेटरमागे खाल्लेल्या घासाला माइकवर काही किंमत नसते.

पुढच्या ७ जूनला तीन गोष्टी कराव्यात. परातीखालचा गॅस चालू ठेवावा. परीक्षक बोलावू नये. आणि भाषण हवंच असेल, तर ते पोहे खाऊन झाल्यावर करावं, म्हणजे ज्याला जायचं त्याला जाता येईल. २१ जूनच्या योगदिनासाठी पहाटे साडेपाचला गच्चीवर या, अशी तुमची नोटीस मिळाली. मी येणार नाही. आई येणार म्हणते. तिला अडवणं मला जमलेलं नाही, तुम्हीही तिचं आसन नियमात बसतं की नाही ते बघू नका.

आपली,
पूना वाली आंटींची मुलगी

ता. क. : आईचा स्टीलचा डबा अजून तुमच्याकडेच आहे. झाकणावर तिचं नाव कोरलेलं आहे, तेव्हा नाही म्हणायची सोय नाही. दुसऱ्याचा डबा रिकामा परत करत नाहीत, हे तुमच्या आईने शिकवलं असेलच. त्यात काय घालायचं ते तुम्ही ठरवा, समितीची मंजुरी लागणार नाही.