गाडी मागे येत नाही

अमेरिकेच्या पश्चिम भागात उन्हाळ्यात ही जमात हमखास भेटते. वय पासष्टीच्या पुढे, मुलं मार्गी लागलेली आणि विंचवासारखं बिऱ्हाड पाठीवर. या बिऱ्हाडात, म्हणजे चाकांवरच्या घरासारख्या गाडीत, पलंग, शॉवर आणि फ्रीज असतो. लांबी अडतीस फूट, शिवाय मागे दावणीच्या वासरासारखी जोडलेली छोटी मोटार. गृहस्थांना आपण कॅप्टन म्हणू. ते स्वतःला तेच म्हणवून घेतात.

कॅप्टनचा प्रवासाचा तक्ता जानेवारीतच छापून तयार असतो. 2025 च्या जुलैत त्यात ग्रँड कॅन्यनचा उत्तर काठ होता. तिथे 4 जुलैला वीज पडून आग लागली. सुरुवातीला ती विझवण्याऐवजी वेढून ठेवायचं ठरलं. मग वारा सुटला आणि आठवडाभरात काठावरचं ग्रँड कॅन्यन लॉज जळून गेलं.

कॅप्टन तेव्हा युटातल्या कनॅबमध्ये, मुक्कामापासून जेमतेम 130 किलोमीटरवर. फोनवर आगीची तीन ॲप. "धूर पूर्वेला चाललाय, आपण दक्षिणेला," त्यांनी बायकोला समजावलं. तिने काही न बोलता खिडक्या लावून घेतल्या.

ॲरिझोनात शिरल्यावर फलक आडवा आला: रस्ता बंद.

इथे कॅप्टनचं घोडं खरोखरच अडलं. मागे मोटार जोडलेली असताना ही गाडी रिव्हर्स घेता येत नाही. मोटारीची पुढची चाकं भलतीकडे वळतात आणि जोडणी मोडते. आधी मोटार सोडवायची. कॅप्टन वाकून पिन ओढताहेत, ती निघत नाही, मागे गाड्यांची रांग. शेवटी बाईंनी मोटार इंचभर पुढे घेतली, तेव्हा पिन सुटली. मग त्या हात हलवू लागल्या. 'या' की 'थांबा', यावरून दोघांचं चाळीस वर्षांत एकमत झालेलं नाही.

शेवटी पेज, कॅमेरून ही गावं करत दक्षिण काठ गाठला. दोन्ही काठ समोरासमोर, सरळ रेषेत सोळा किलोमीटर. एकावरून दुसऱ्यावर रस्त्याने जायचं तर सुमारे 345. लिटरला तीन-चार किलोमीटर देणाऱ्या गाडीच्या मालकाला पेट्रोलचा हिशेब विचारू नये.

शेजारच्या तंबूवाल्याला कॅप्टन सांगत होते, "आमचा मूळ बेत दक्षिण काठाचाच." बाई तोच छापील तक्ता पसरून त्यावर बटाटे सोलत बसल्या होत्या.

तंबूवाल्याने माहिती पुरवली: ते लॉज 1932 मध्येही जळालं होतं, 1937 मध्ये पुन्हा उभं राहिलं. कॅप्टननी बोटं मोजली, डायरी काढली आणि लिहिलं: जुलै 2030, उत्तर काठ.