घडीचा धनी

जळगावात सोनं घ्यायची ऐपत प्रत्येकाची नसते, पण सोन्याचा कागद मात्र घरोघरी सापडतो. सराफाचा तो पातळ, कुरकुरीत, गुलाबी कागद. घरातल्या बायका त्यातली अंगठी बघतात, पुरुष पावती बघतात, आणि आमच्यासारखा एखादा खुळा ओरडतो, "कागद टाकू नका हं!" त्या कागदावर नखाने एकदा घडी दाबली की ती पक्की बसते. पुन्हा उलगडा, रेघ जात नाही. कागदाला इतकी स्मरणशक्ती आणि आम्हाला मात्र चष्मा कुठे ठेवला ते आठवत नाही.

कागदाचा नाद तसा शाळेतला. कार्यानुभवाच्या तासाला पुठ्ठ्याची घरं, पूल, इंजिनं करायचो. पण पुठ्ठाकाम हा खान्देशच्या हवेत फक्त थंडीत करायचा उद्योग आहे. मे महिन्यात ब्रशवरचा डिंक पुठ्ठ्यापर्यंत पोचायच्या आत वाळतो. पंखा लावावा तर कापलेली खिडक्या-दारं शेजाऱ्याच्या ओट्यावर. बंद करावा तर आपण वाळतो. शिवाय पुठ्ठा आणायचा कुठून? लग्नपत्रिकांमधून. आमच्या एका रेल्वे इंजिनाच्या पाठीवर 'माझ्या काकाच्या लग्नाला यायचं हं!' असं ठळक छापलेलं होतं. गाडी बिचारी काकाच्या लग्नालाच निघाल्यासारखी दिसे.

म्हणून ओरिगामी. कात्री नाही, डिंक नाही. एक चौकोनी कागद आणि दहा बोटं. ती मराठी घरात रुजली त्यात मोठा वाटा अनिल अवचट यांचा. जन्म 1944, गाव ओतूर, शिक्षण पुण्याच्या बी. जे. मेडिकलमध्ये डॉक्टरकीचं. पुढे डॉक्टरकी बाजूला पडली आणि लेखणी हाती आली. 'माणसं', 'कोंडमारा', 'गर्द' ही त्यांची पुस्तकं वाचून रात्री झोप लागत नाही. पत्नी सुनंदा यांच्यासह 1986 साली त्यांनी पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र उभं केलं. तिथे ते सगळ्यांचे 'बाबा'. आणि हाच माणूस 'मजेदार ओरिगामी' लिहितो, लाकूड कोरतो, बासरी वाजवतो, चित्रं काढतो, स्वयंपाकात रमतो. काही गंभीर मंडळींना हे खटकायचं. इतकं दुःख पाहिलेल्या माणसाने कागदाची पाखरं करावीत? मला तर वाटतं, इतकं पाहिल्यावर ती केली नसती तरच काळजी वाटली असती. त्यांचं 'छंदांविषयी' वाचताना जाणवतं ते हे, की या गृहस्थाला कशातही उस्ताद व्हायची घाई नाही.

आमची त्यांची गाठ कधी पडली नाही. ओळख झाली ती पुस्तकातून, म्हणजे बोटांतून. घडीकामाची गंमतच ही आहे. चित्रकार गेला तर चित्र उरतं. घडीकार गेला तर उरते ती कृती. त्याचं पाखरू प्रत्येक वेळी दुसऱ्या कुणीतरी नव्याने करावं लागतं. केलंच नाही, तर ते नसतंच.

जगातला या कलेतला सर्वांत मोठा माणूस, जपानचा अकिरा योशिझावा, याने हे नेमकं ओळखलं होतं. कारखान्यातली नोकरी सोडून त्याने घडीकामाला वाहून घेतलं. पोटासाठी दारोदार फिरून खाण्याचे पदार्थ विकले. 1954 साली त्याचं पुस्तक आलं आणि त्यात बाण व तुटक रेघांची एक लिपी होती. घडी आत वळवायची तर दरी, बाहेर वळवायची तर डोंगर. आज कुठल्याही देशातलं, कुठल्याही भाषेतलं ओरिगामीचं पुस्तक न वाचता नुसतं बघून करता येतं, ते त्याच्यामुळे. 14 मार्च 1911 ला जन्मलेला हा माणूस 2005 साली नेमका 14 मार्चलाच गेला. टोकाला टोक जुळवायची सवय शेवटपर्यंत सुटली नाही म्हणायची! दरी-डोंगराची ही भाषा आम्हा खान्देशींना समजावून सांगावी लागत नाही. वर सातपुडा, खाली अजिंठ्याची रांग आणि मधल्या घडीतून तापी. आमचा अख्खा मुलूखच कुणीतरी दुमडून उलगडून ठेवल्यासारखा आहे.

पण ज्यांची नावं कुणीच लिहून ठेवली नाहीत त्यांचं काय? साधी होडी, शिडाची होडी, बंबाची होडी कुणी शोधली? वाण्याची पुडी कुणाची? धुळ्याच्या जुन्या किराणा दुकानात मी ती पाहत उभा राहायचो. कागदाचा कोन वळायचा, खालचं टोक मुडपायचं, हळद ओतायची, वरचे दोन कान आत घ्यायचे आणि तिसरा त्यांच्या पोटात खुपसायचा. वरून लोंबणाऱ्या रिळाचा दोरा गुंडाळून हिसक्याने तोडला की काम फत्ते. घरापर्यंत कणभर हळद सांडत नसे. त्याच धुळ्यात इतिहासाचार्य राजवाडे यांच्या नावाचं संशोधन मंडळ 1927 पासून उभं आहे. जुने कागद रद्दीत जाऊ नयेत म्हणून त्या माणसाने जन्म घालवला, आणि आम्ही मात्र रद्दीचीच घडी न्याहाळत बसलो. ज्याचा त्याचा पिंड!

जळगाव-धुळे एस.टी.त गुलाबी कागदाचं पंख हलवणारं पाखरू करायला वेळ पुरेपूर मिळतो. त्यात एक जागा अवघड आहे. वरचा पापुद्रा उचलून मागे न्यायचा असतो. ओढलंत तर कागद फाटतो. आधीच्या घड्यांवर भरवसा ठेवून अलगद उचललात तर दोन्ही कडा आपसूक आत येतात आणि होडीसारखी निमुळती पाकळी तयार होते. एरंडोलच्या अलीकडे हे जमलं की पारोळ्यापर्यंत मान, शेपूट, सगळं होतं. त्याच एरंडोलला एके काळी देशी कागद तयार व्हायचा. जुन्या गॅझेटियरात तशी नोंद आहे. एकदा शेजारच्या आजींच्या नातवाने विचारलं, "उडस का हाई?" मी पाखराची छाती धरून शेपूट ओढलं. पंख हलले. मग तिकिटं काढून झालेला कंडक्टरही येऊन म्हणाला, "भाऊ, आमच्या पोरीसाठी एक करा ना." तोवर गुलाबी कागद संपला होता. त्याला शिकवलं, त्याच्याच जवळच्या एका जुन्या कागदावर.

अवचट 27 जानेवारी 2022 रोजी गेले. त्यांच्या पुस्तकातून एखादी घडी शिकला असाल तर ती घरातल्या एका तरी पोराला शिकवा आणि शिकवताना त्यांचं नाव घ्या. कागद कुठलाही चालेल. लग्नपत्रिका तेवढी नको, फार जाड असते.