अक्षराचा एक गुण

राजकारण कळत नाही असं कबूल करणारा माणूस आमच्या कट्ट्यावर अजून जन्माला यायचाय. तीस वर्षांच्या या साधनेवर विसंबून मी बारावीतल्या भाचीला म्हटलं, "राज्यशास्त्राचं टेन्शन घेऊ नकोस. हा पेपर मी झोपेत लिहीन."

तिनं सरावाचा प्रश्न पुढ्यात टाकला : ‘पक्षांतरबंदी कायद्याने पक्षांतर थांबले का? तुमचे मत सकारण लिहा.’ पाच गुण.

मी बाह्या सरसावल्या. ‘आजच्या या धकाधकीच्या युगात’ अशी सुरुवात केली. दुसऱ्या परिच्छेदात राजकारणाचं गटार केलं, तिसऱ्यात आमच्या आमदाराला नावानिशी त्यात ढकललं. चौथ्या पानावर भारतमाता अश्रू ढाळू लागली. आता पुरवणी मागणार, एवढ्यात भाचीनं लाल पेन काढलं.

"मामा, कायदा कुठाय?"

"कुठला?"

"ज्याच्यावर प्रश्न आहे तो."

चार पानांत तो खरंच कुठे नव्हता.

"आणि आमदाराचं नाव खोड. तपासणारे सर त्याचेच मेहुणे निघाले तर?"

मग तिनं मला शिकवायला घेतलं. आधी कायदा काय ते सांगायचं : 1985 ची 52 वी घटनादुरुस्ती, तिनं संविधानाला दहावी अनुसूची जोडली. मग तो का करावा लागला : 1967 मध्ये हरयाणातल्या गया लाल या आमदारांनी पंधरवड्यात तीनदा पक्ष बदलला, ‘आयाराम-गयाराम’ तिथलेच. मी इतकी वर्षं ही वगातली जोडी समजत होतो.

पुढे कायद्यातली पळवाट. पक्षाचे एक तृतीयांश आमदार फुटले तर मूळ कायदा त्यांना अपात्र ठरवत नव्हता. 2003 च्या 91 व्या घटनादुरुस्तीनं ती सवलत काढली. दोन तृतीयांशांच्या विलीनीकरणाची मात्र राहिली.

"म्हणजे एकट्यानं उडी मारली तर अपात्र, आणि गाडी भरून गेले तर विलीनीकरण?"

"हे चांगलंय, मामा! फक्त ‘गाडी’ खोड आणि ‘दोन तृतीयांश’ लिही."

नंतर दुसरी बाजू. कायदा नसता तर सरकारं पत्त्यांच्या बंगल्यासारखी पडली असती, असं म्हणणारे आहेत; पक्षादेशामुळे आमदाराला स्वतःचं डोकं वापरता येत नाही, असं म्हणणारेही आहेत. अपात्रतेचा निर्णय सभागृहाचे अध्यक्ष देतात आणि ते बहुधा सत्ताधारी बाजूचेच असतात, हाही मुद्दा घ्यायचा. हे सगळं झाल्यावर शेवटी आपलं मत, दोन ओळींत.

"दोनच? माझी चार पानं मतच होतं."

"तो राग होता, मामा. प्रश्नात ‘सकारण’ लिहिलंय."

तिनं मला पाचपैकी दोन गुण दिले. त्यातला एक अक्षराचा.

दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर नेहमीप्रमाणे सरकार पाडायचं काम सुरू होतं. मी मध्येच विचारलं, "हे कोणत्या साली झालं? आणि दुसऱ्या बाजूचं म्हणणं काय?"

क्षणभर शांतता पसरली. मग एकानं चहाचा ग्लास खाली ठेवला आणि सगळ्यांच्या वतीनं निकाल दिला, "यानं पक्ष बदलला."

दहावी अनुसूची आमदारांना लागू आहे, खासदारांनाही आहे. कट्ट्याला नाही. तिथं दुसरी बाजू नुसती विचारली तरी माणूस अपात्र ठरतो.