विमाननगरात ड्रोन कसा उडवावा

अमेरिकेहून येणाऱ्या भाच्याला ड्रोन आणायला सांगू नये. फेब्रुवारी २०२२ पासून तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे. त्याला नेहमीप्रमाणे बदामच आणू द्यावेत.

इथेच घेतला असल्यास वजन करावे. २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन 'नॅनो' आणि तो उडवायला पायलटचा परवाना लागत नाही, हे मेव्हण्याने सांगितलेले असतेच. मेव्हणा बरोबर आहे. फक्त ही सवलत परवान्यापुरती आहे, आकाशापुरती नाही. तेवढे ऐकायला तो थांबलेला नसतो.

मग सरकारच्या 'डिजिटल स्काय' संकेतस्थळावरचा नकाशा उघडावा. २०२१च्या ड्रोन नियमांनी आकाशाला सिग्नलचेच तीन रंग दिले. हिरव्यात ४०० फुटांपर्यंत खुशाल उडवा, पिवळ्यात हवाई नियंत्रण कक्षाला विचारा, लाल असेल तर थेट केंद्र सरकारला. पुणेकर लाल दिसला की आधी मामा उभे आहेत का ते बघतो. इथले मामा हवाई दलाचे आहेत; लोहगावची धावपट्टी त्यांची, प्रवासी विमाने तिथे पाहुणी. अंतर धावपट्टीपासून नव्हे, विमानतळाच्या हद्दीपासून मोजतात. पाच ते आठ किलोमीटरपर्यंत तर जमिनीपासूनच पिवळा. विमाननगरात मोजायला टेपही काढावी लागत नाही.

आता गच्चीवरच्या तज्ज्ञांचा मुद्दा: "विमानं केवढी वर असतात, आपण चारशेच्या आत उडवू!" उतरणारे विमान साधारण तीन अंशांच्या उताराने येते. धावपट्टीच्या टोकापासून किलोमीटरभर अलीकडे ते जेमतेम सव्वादोनशे फुटांवर असते, म्हणजे वीस मजली इमारतीएवढे. (तशी इमारत तिथे का बांधू देत नाहीत, हे बिल्डरला विचारावे, तो हळवा होतो.) तुम्ही चारशे गाठलेत तर विमान तुमच्या खालून जाईल. 'घारी नाही का फिरत?' हा प्रश्नही गैरलागू. घारीच्या पोटात बॅटरी नसते. तेवढ्याच वजनाच्या पक्ष्यापेक्षा ड्रोन विमानाचे जास्त नुकसान करतो.

दंड एक लाखापर्यंत. शहराबाहेर न्यावा म्हणून खडकवासल्याकडे निघालात तर तिथे एनडीए, म्हणजे लष्कराची प्रबोधिनी आहे. नकाशा गाडी काढण्यापूर्वी बघावा.

साखरपुड्याचे चित्रण वरूनच हवे असेल, तर समोरच्या इमारतीच्या गच्चीवर मेव्हण्याला मोबाइल देऊन उभे करावे. त्याची बॅटरी संपत नाही. वेळेवर चहा तेवढा वर पाठवावा.